वहिनी, तुम्हाला लपवण्यासारखं आहे तरी काय?

वाचकाचं पत्र:

"ताई, आमच्या घरात दोन आठवडे एकच वाद चाललाय. माझ्या दिराने छोटा व्यवसाय सुरू केलाय, त्यासाठी एक ॲप घेतलंय, घरातल्या प्रत्येकाने त्यात आपापले कॉन्टॅक्ट अपलोड करायचे म्हणजे सगळ्यांना ऑफर जाईल असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने लगेच केले. मी नाही म्हटलं, माझी प्रायव्हसी आहे म्हटलं, तर भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनी, तुम्हाला लपवण्यासारखं आहे तरी काय?' नवरा म्हणतो सगळं आधीच गेलंय, आता काय राखून ठेवतेस. सासरे म्हणतात कंपन्यांना काही देऊ नका पण सरकारने काय वाटेल ते बघावं, प्रामाणिक माणसाने घाबरायचं कशाला. आणि मला तर खात्री आहे की फोन आपलं बोलणं ऐकतो, नणंदेशी सायकल घेण्याबद्दल बोलले आणि संध्याकाळी सायकलची जाहिरात आली. मी जास्तच करतेय का?"

ताईचं उत्तर:

तू जास्त करत नाहीयेस. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात तिघं आपापल्या कारणाने आपल्याला चूक ठरवत असले की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. पण एक आहे, तू जे कारण दिलंस ना, 'माझी प्रायव्हसी', ते अर्धंच आहे, आणि म्हणून भावजींना ते एका वाक्यात उडवता आलं. माझी म्हटलं की समोरचा लगेच विचारतो तुझं असं काय आहे, आणि मग आपण गडबडतो, कारण खरंच आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसतं.

आता तू तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट उघड आणि नुसती वरपासून खालपर्यंत बघ. त्यात तुझ्या डॉक्टरचा नंबर असेल, मुलांच्या शाळेतल्या बाईंचा असेल, एखादी मैत्रीण असेल जिने नवीन नंबर फक्त चार जणींना दिलाय, कुणाच्या नावापुढे तू 'वकील' लिहिलं असशील, कुणाच्या पुढे 'कर्जवाले', कुणाचा वाढदिवस, कुणाचा घरचा पत्ता. हे सगळं तुझ्या फोनमध्ये आहे पण यातलं किती तुझं आहे? त्या लोकांनी नंबर तुला दिलाय, तुझ्यावर विश्वास ठेवून दिलाय, भावजींच्या ॲपला दिलेला नाही. तेव्हा भावजींनी परत विचारलं की लपवण्यासारखं काय आहे, तर सरळ सांग की माझं काहीच नाही हो, पण या चारशे लोकांचं काय आहे ते मला माहीत नाही, आणि त्यांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार त्यांनी मला दिलेला नाही. याच्यावर वाद घालणं जरा अवघड जातं.

मी हे एवढं ठामपणे का म्हणतेय ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ॲपला असेच कॉन्टॅक्ट दिले होते, 'मित्र शोधा' असं बटण होतं, दाबलं, विसरून गेले. माझी एक मैत्रीण होती, ती एका माणसाच्या त्रासातून कशीबशी सुटली होती, नंबर बदलला होता, त्याच ॲपवर दुसऱ्या नावाने नवीन अकाउंट काढलं होतं, आणि तो नवा नंबर माझ्याकडे होता. तो माणूसही मला ओळखायचा, त्याच्याकडे माझा नंबर होता. ॲपला कसला त्रास नि कसलं काय, त्याला एवढंच दिसलं की हा हिला ओळखतो आणि ही तिला ओळखते, म्हणजे ही दोघं एकमेकांना ओळखत असतील, आणि ॲपने तिचं अकाउंट त्या माणसाला 'तुमच्या ओळखीचे' म्हणून दाखवलं. माझं काहीच बिघडलं नाही. मला लपवण्यासारखं काहीच नव्हतं ना.

आणि हे माझ्यापुरतं नाही. २०१३ मध्ये फेसबुकने स्वतः जाहीर केलं की एका बगमुळे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे, सुमारे ६० लाख लोकांचे फोन नंबर किंवा ईमेल भलत्यांना दिसले, आणि त्याचं मूळ होतं लोकांनी अपलोड केलेल्या ॲड्रेस बुकमध्ये. म्हणजे ज्याने आपला नंबर कधी साइटवर टाकलाच नव्हता त्याचाही नंबर तिथे असू शकत होता, कारण कुणा ओळखीच्याने टाकला होता. २०१८ ची केंब्रिज ॲनालिटिकाची, म्हणजे राजकीय प्रचारासाठी फेसबुकवरची माहिती वापरणाऱ्या कंपनीची, बातमी तर सगळ्यांनी ऐकली असेल पण त्यातले आकडे लोक विसरतात, म्हणून सांगते. ती प्रश्नमंजुषा टाइपची जी ॲप होती ती सुमारे २ लाख ७० हजार लोकांनीच घेतली होती, आणि फेसबुकच्याच अंदाजाने माहिती गेली ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची, कारण त्या वेळी ॲपला तुमच्याबरोबर तुमच्या मित्रांची माहितीही मिळायची. आता गणित कर, एकाने हो म्हटलं की तीनशेच्या वर लोकांचं गेलं आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

अजून एक उदाहरण आहे ते मला जास्तच लागलं. ट्वेंटीथ्री अँड मी नावाची कंपनी आहे, लाळेचा नमुना पाठवायचा आणि ते डीएनए तपासून तुमचे पूर्वज कुठले, नातेवाईक कोण ते सांगतात. २०२३ मध्ये चोरट्यांनी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून तिथली सुमारे १४ हजार खाती उघडली, फक्त १४ हजार, पण तिथे नातेवाईक जोडून दाखवायची सोय होती म्हणून त्या खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. एकाने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला आणि त्याच्या चुलत भावंडांची माहिती गेली. मग मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लाखो लोकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला की आता आमच्या डीएनएचं काय, तो कोण विकत घेणार. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलना, म्हणजे त्या राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांना, लोकांना सांगावं लागलं की तुमचा डेटा आणि नमुना काढून टाकायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. ज्यांनी नमुना पाठवला होता त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं, कंपनी तेव्हा चांगलीच वाटत होती. पण कंपनी विकली जाते, मालक बदलतात, धोरण बदलतं, आणि माहिती तिथेच राहते. भावजींच्या ॲपबद्दलही हाच प्रश्न विचारायचा, आज ती कुणाची आहे हे ठीक, पण ती बंद पडली किंवा विकली तर ही यादी कुणाकडे जाणार, आणि याचं उत्तर भावजींकडे नसेल तर त्यांचाही दोष नाही, पण मग ते इतरांना अपलोड करा असं सांगू तरी कसं शकतात?

आता तुझ्या सायकलीकडे येते, आणि इथे मी तुझ्या बाजूने नाहीये. फोन चोरून ऐकतो ही गोष्ट इतक्या लोकांना खरी वाटते की २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासून बघितले, माइक गुपचूप चालू करून बोलणं बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच, काही ॲप तुमच्या स्क्रीनवर काय चाललंय त्याचं रेकॉर्डिंग तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत होते. मग सायकलची जाहिरात आली कशी? माझा अंदाज सांगते, तुझ्याशी बोलून झाल्यावर किंवा त्याच्या आधीच नणंदेने सायकली सर्च केल्या असतील, तुम्ही दोघी एकाच वायफायवर असता, लोकेशन एकच, एकमेकींच्या कॉन्टॅक्टमध्ये आहात, जाहिरातवाल्यांना दोघींना जोडायला एवढं पुरतं. म्हणजे बघ ना, तिच्या सर्चवरून तुझी जाहिरात ठरली. ऐकण्याची गरजच नाही. घरात वाद घालताना हा माइकचा मुद्दा काढून टाक, कारण तो कच्चा आहे आणि तो पडला की समोरच्याला वाटतं तुझं सगळंच म्हणणं पडलं.

नवऱ्याचं म्हणणं, सगळं आधीच गेलंय. मला हे वाक्य सगळ्यात जास्त त्रास देतं कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि त्यात आळस भरलेला असतो. थोडं गेलंय हे खरंच आहे. पण माहिती शिळी होते गं. तीन वर्षांपूर्वी तू कुठे जात होतीस याला आज फारशी किंमत नाही, आज कुठे जातेस, कुठला आजार शोधतेस, कधी पैशाची तंगी आहे, याला आहे, म्हणून तर ते रोज नव्याने मागतात. आणि खरंच सगळं गेलं असतं तर लोकांच्या 'नाही'ला काही किंमत राहिली नसती. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर एक साधा प्रश्न आणला, या ॲपला तुम्ही इतर ॲप आणि वेबसाइटवर काय करता त्याचा माग काढू द्यायचा का. हो किंवा नाही, बस्स. पुष्कळ लोकांनी नाही दाबलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने म्हणजे फेसबुकच्या कंपनीने आपल्या गुंतवणूकदारांना सांगितलं की या बदलामुळे त्या वर्षी सुमारे १० अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. नवऱ्याला हे सांग. आपल्या नाही म्हणण्याने काही होत नाही असं ज्याला वाटतं त्याने हा आकडा ऐकावा, आणि ॲपलही काही धर्मादाय संस्था नाही, तिलाही आपला धंदा आहेच, पण बटण दिलं तर लोक ते दाबतात हे त्यातून दिसलं ना.

सासऱ्यांशी मात्र जरा सांभाळून बोल, कारण त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. सरकारला माहिती लागते. कुठे किती मुलं आहेत हे माहीतच नसेल तर शाळा कुठे काढणार, लसी किती मागवणार, पेन्शन कुणाला देणार, आणि गुन्हेगाराला पकडायचं तर पोलिसांना काहीतरी बघावंच लागणार. मी काही सरकारला काहीच देऊ नका असं म्हणणाऱ्यातली नाही. पण 'काय वाटेल ते बघावं' इथे मी थांबते.

दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्येची नोंदणी फार नीटनेटकी होती, प्रत्येकाचा पत्ता, कुटुंब, आणि धर्मसुद्धा. शांततेच्या काळात, नेहमीच्या सरकारी कामासाठी ठेवलेली नोंद, कुणाच्या मनात पाप नव्हतं, आणि आपला धर्म सांगण्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या प्रामाणिक माणसांनाही वाटलं नसणार. मे १९४० मध्ये जर्मनीने देश घेतला आणि ती नोंद नाझींच्या हातात आली. तिथल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून जास्त मारले गेले. त्याला इतरही कारणं होती पण शोधायचं कुणाला आणि कुठे हे त्या नोंदीत तयारच होतं. २७ मार्च १९४३ ला ॲमस्टरडॅममध्ये काही जण पोलिसांचे कपडे घालून नोंदणी कार्यालयात घुसले आणि ती कार्डं नष्ट करायला त्यांनी स्फोट घडवला, पुढे पकडले गेले, त्यातल्या बारा जणांना गोळ्या घातल्या. कागदाच्या कार्डांसाठी माणसांनी जीव दिला, हे वाचल्यापासून मी कुठलाही फॉर्म भरताना त्यातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे हे बघते. सासऱ्यांना एवढंच विचार की आजच्या सरकारवर तुमचा विश्वास आहे, ठीक, पण ही माहिती तीस वर्षांनी ज्याच्या हातात असेल त्याच्यावरही आहे का, तो कोण असेल ते तरी आपल्याला माहीत आहे का?

आणि मधला रस्ता असतोच की. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कार्पेंटर नावाच्या खटल्याचा निकाल दिला, दरोड्यातला आरोपी होता, पोलिसांनी मोबाइल कंपनीकडून त्याच्या १२७ दिवसांच्या लोकेशनच्या नोंदी घेतल्या होत्या, जवळजवळ १३ हजार ठिकाणं, आणि त्यासाठी रीतसर वॉरंट काढलं नव्हतं. कोर्टाने सांगितलं, अशा नोंदी हव्या असतील तर साधारणपणे न्यायाधीशाकडून वॉरंट घ्या. बघायला बंदी नाही केली, कारण सांगून, परवानगी काढून बघा म्हणाले. मला वाटतं सासऱ्यांना हे पटेल, त्या पिढीला कागदोपत्री रीतसर असणं आवडतं.

आता भावजी. त्यांच्याशी भांडू नकोस, नवीन धंदा आहे, माणूस धडपडतोय, आणि घरच्यांनी साथ दिली नाही असं त्यांना वाटलं असेल तर ते दुखणं खरं आहे. त्यांना म्हण, ऑफरचा मेसेज मला पाठवा, ज्यांना उपयोग आहे असं मला वाटतं त्यांना मी स्वतः पाठवते, माझ्या नावाने, आणि ज्याला हवं असेल तो तुम्हाला आपणहून फोन करेल. खरं सांगायचं तर धंद्यालाही हेच बरं, चारशे अनोळखी लोकांना एकदम मेसेज गेला की त्यातले बरेच जण नंबर ब्लॉक करतात, आणि ओळखीच्या बाईने 'तुला हवं होतं ना, हे बघ' म्हटलं की माणूस निदान वाचतो. जे ग्राहक येतील त्यांचंही तेवढंच मागा जेवढं कामाला लागतं, नाव, नंबर, फारतर पत्ता, जन्मतारीख कशाला? युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर नावाचा लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यात हे तत्त्वच आहे की कामापुरतीच माहिती घ्यायची, आणि मोठ्या उल्लंघनाला जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. भावजींना कुणी असा दंड करणार नाहीये, पण जी माहिती घेतलीच नाही ती चोरीला जात नाही आणि तिच्यासाठी कुणाची माफी मागावी लागत नाही, हे छोट्या धंद्यालाही लागू आहेच.

तुझ्या स्वतःच्या फोनचं म्हणशील तर फार काही करायचं नाहीये, एका दुपारचं काम आहे. परवानग्यांमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कुणाकुणाला दिलंय ते बघ, ज्याला गरज नाही त्याचं काढ, ॲप बहुतेक वेळा तरीही चालतं. आयफोन असेल तर २०२४ च्या आयओएस १८ पासून निवडक कॉन्टॅक्टच देता येतात, सगळी वही द्यावी लागत नाही. ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेव आणि त्याला टू स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते, बाकी काही जमलं नाही तरी हे कर, कारण ईमेल गेला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. मुलांचे फोटो टाकण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस पण तिथेही हेच धर, फोटोत दुसऱ्याचं मूल असेल तर आधी त्याच्या आईला विचार.

राहता राहिला प्रश्न नवऱ्याने आधीच अपलोड केलेल्या कॉन्टॅक्टचा, आणि हे मात्र लवकर करा. आधी फोनच्या सेटिंगमधून त्या ॲपची कॉन्टॅक्टची परवानगी काढायची, मग ॲपमध्ये सिंक बंद करायचं, आणि त्यानंतर अपलोड झालेले कॉन्टॅक्ट डिलीट करायचा पर्याय शोधायचा, हा क्रम उलटा झाला तर डिलीट केलेले परत चढतात. पर्याय सापडलाच नाही तर कंपनीला ईमेल करून मागायचं, लेखी. आणि त्या यादीत एखादीचा नंबर असा असेल की तो भलत्याच्या हाती लागला तर तिला त्रास होईल, तर नवऱ्याला सांग, तिला आजच फोन कर आणि सांग काय झालंय. ओशाळवाणं वाटेल, तरी करायला सांग. मी तेव्हा केला नव्हता, मला कळलंच नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले पण त्या ॲपमध्ये 'तुमचे मित्र इथे आहेत' असं दिसलं होतं तेव्हा तिचं नवं अकाउंटही त्यात होतं आणि मी काही बोलले नाही. तिला ते माझ्याकडून कळायला हवं होतं. तिला कळलं त्या माणसाच्या मेसेजवरून.